कोको, कॅडबरी आणि पाच वर्षांचा करार

माझं सगळं लहानपण ठाण्यात गेलं. ज्यांना ठाणं माहीत आहे त्यांना कॅडबरी जंक्शन वेगळं सांगायला नको. वारा बरोबर दिशेने असला की रिक्षात बसल्या बसल्या फॅक्टरीतल्या चॉकलेटचा वास यायचा आणि आम्ही मुलं नाकं वर करून बसायचो. तसंही आपल्याकडे चॉकलेट म्हणजे कॅडबरीच. वाण्याकडे जाऊन "एक कॅडबरी द्या" म्हणायचं, मग तो कुठल्याही कंपनीचं देवो. आता नशिबाने (खरं तर नोकरीने) मी बर्मिंगहॅमला राहतो आणि घरापासून गाडीने दहा-बारा मिनिटांवर बोर्नव्हिल आहे, म्हणजे कॅडबरीचं माहेरच. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एवढं शिकून शेवटी तू एका कॅडबरी नाक्यावरून उठून दुसऱ्या कॅडबरी नाक्यावर गेलास!"

मागच्या वर्षी मुलीच्या शाळेत 'चॉकलेट' या विषयावर प्रोजेक्ट होता. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायची: झाड, फळ, बी, कारखाना, दुकान. चिकटवता चिकटवता तिने विचारलं, "बाबा, झाडावरून हे तोडतं कोण?" मी म्हटलं, शेतकरी. कुठले? आफ्रिकेतले. ते कसे तोडतात, त्यांना किती पैसे मिळतात, त्यांना चॉकलेट मिळतं का... तिसऱ्या प्रश्नाला माझी उत्तरं संपली. मुलगी झोपल्यावर लॅपटॉप उघडला, आणि एकातून दुसरं शोधता शोधता मध्यरात्री एका खटल्यावर येऊन थांबलो. हा खटला आमच्याच गावात, बर्मिंगहॅममध्ये, डिसेंबर १९०९ मध्ये चालला होता. कॅडबरी कंपनी विरुद्ध 'स्टँडर्ड' नावाचं लंडनचं वर्तमानपत्र. विषय होता कोको तोडतं कोण, हाच.

मंडळी, मी कॉम्प्युटर इंजिनियर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरापुरता. पण हा विषय काही केल्या सुटेना. शनिवारी लायब्ररी, रात्री जुने अहवाल, असे सहा-सात महिने गेले, आणि शेवटी चार दिवस प्रत्यक्ष त्या बेटावर जाऊन आलो. बायकोच्या मते याला वेड म्हणतात. असो.

बेटाचं नाव साओ तोमे. शेजारचं छोटं बेट प्रिन्सिपे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोडं दूर, अगदी विषुववृत्तावर. दोन्ही मिळून क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या दुपटीपेक्षाही कमी. पोर्तुगीज तिथे १४७० च्या सुमारास पोचले. सोळाव्या शतकात तिथे उसाचे मळे आणि गुलामांचा बाजार होता. पुढे ब्राझीलची साखर स्वस्त पडू लागल्यावर ही बेटं मागे पडली. १८२२ मध्ये ब्राझीलहून कोकोची रोपं प्रिन्सिपेला आली. ब्राझील स्वतंत्र झाला तेच हे वर्ष. सुरुवातीला लोकांना त्यात फारसा रस नव्हता, कॉफी जास्त चालायची. पण युरोपात चॉकलेट श्रीमंतांच्या कपातून सामान्यांच्या खिशात आलं आणि सगळं पालटलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही टीचभर बेटं कोको पिकवण्यात जगात पहिल्या क्रमांकावर होती. १९१३ साली तिथून सुमारे ३६,००० टन कोको बाहेर गेला.

कोकोचं झाड मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. फळ फांदीच्या टोकाला नाही, तर फणसासारखं थेट खोडाला लागतं. पिकलं तरी आपण होऊन पडत नाही, त्यामुळे माणसाच्या हाताशिवाय गत्यंतर नाही. फळ ओढून तोडलं तर खोडावरची ती जागा दुखावते आणि पुढच्या वेळी तिथे फूल येत नाही, म्हणून कोयत्याने किंवा उंच काठीला बांधलेल्या सुरीने देठ नेमका कापायचा. झाडाला सावली लागते, त्यासाठी मधे मधे पांगाऱ्याच्या जातीची उंच झाडं लावतात. आत शिरलं की आपल्या कोकणातल्या सुपारीच्या बागेत आल्यासारखं गार वाटतं. फळ फोडलं की आत सीताफळासारखा पांढरा गर आणि त्यात गुंडाळलेल्या बिया. बिया गरासकट लाकडी पेट्यांत घालून, वर केळीची पानं झाकून, सहा-सात दिवस आंबवायच्या. ढीग आतून चांगलाच तापतो. मधे मधे उलथापालथ करायची. मग उन्हात वाळवायच्या. पाऊस कधीही येतो, म्हणून वाळवणाचे मोठे ट्रे रुळांवर बसवलेले असत. ढग आले की ढकलून छपराखाली. आपल्या आया पापडांच्या वेळी गच्चीवर करायच्या तीच धावपळ, फक्त टनांच्या हिशोबात. आंबवलं नाही तर चॉकलेटची चव येत नाही, वाळवलं नाही तर बुरशी येते. फळ तोडण्यापासून पोतं भरेपर्यंत सगळी कामं माणसांचीच, आणि वर्षभर तण काढणं वेगळंच.

प्रश्न होता तो ही माणसं आणायची कुठून.

पोर्तुगालने गुलामगिरी कायद्याने बंद केली आणि १८७५ मध्ये साओ तोमेतले गुलाम खरोखर मोकळे झाले. झाले ते मळे सोडून सरळ शहराकडे चालू लागले. पुन्हा त्या कामाला हात लावायला ते तयार नव्हते, आणि त्यांची मुलं-नातवंडंही कधी झाली नाहीत. मळेवाल्यांनी मग अंगोलाकडे मोर्चा वळवला. तीही पोर्तुगीज वसाहत. गुलाम आणता येत नव्हते, म्हणून कंत्राटी कामगार आणायचे ठरलं. त्यांना शब्द होता 'सर्व्हिसाल', म्हणजे सेवक. पाच वर्षांचा करार, महिन्याला पगार, राहायला घर, खायला शिधा, आजारी पडलात तर हॉस्पिटल, आणि मुदत संपल्यावर परतीचं भाडं. कागदावर काहीही वावगं नाही. आजच्या एखाद्या एचआरवाल्यानेही सही केली असती.

प्रत्यक्षात काय चालायचं ते हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने १९०४-०५ मध्ये अंगोलात पायी फिरून पाहिलं. अंगोलाच्या आतल्या मुलखात माणसं पकडली जात, विकली जात, कर्जापोटी दिली जात. मग त्यांना शेकडो मैल चालवत किनाऱ्यावर आणायचं. त्या वाटेवर एक मोठा निर्जन पट्टा लागे. तिथल्या झाडांवर नेव्हिन्सनला लाकडी बेड्या लटकलेल्या दिसल्या. माणूस मेला की, किंवा इतका पुढे आला की आता पळून जाणं शक्य नाही, की बेडी काढून झाडाला अडकवायची. या सगळ्या खरेदीला पोर्तुगीजांनी नाव दिलं होतं 'सोडवणूक'. म्हणजे आम्ही यांना गुलामगिरीतून सोडवतो, आणि सोडवल्याबद्दल ते आमच्याशी करार करतात!

किनाऱ्यावर बेंग्वेलासारख्या बंदरात मग सरकारी अधिकाऱ्यासमोर त्यांना उभं करत. अधिकारी विचारी, साओ तोमेला कामाला जायला राजी आहात का? कोण काय बोललं याकडे कोणाचं लक्ष नसे. काहींना प्रश्नच कळत नसे. नोंद होई की राजी आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याची एक गोल चकती अडकवत, तिच्यावर नंबर. सोबत पत्र्याची एक नळकांडी, आत कराराची नक्कल: वर्ष, नंबर, नाव, जन्मगाव, मुखियाचं नाव, एजंटचं नाव, आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना. नेव्हिन्सन म्हणतो की त्या शेवटच्या रकान्यात काही लिहिलेलं त्याने कधीच पाहिलं नाही.

माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून काय वाटलं ते सांगतो. आम्ही रोज असले तक्ते बनवतो. रकाना ठेवलेला असतो, फॉर्मवर तो दिसतो, ऑडिटवाला खूश होतो, आणि लाखो नोंदींमध्ये तो रिकामा असतो. म्हणजे ही सिस्टीम बिघडलेली नव्हती. ती तशीच चालावी म्हणून बनवलेली होती.

बेटावर पोचल्यावर मळेवाला एका माणसामागे सुमारे ३० पौंड मोजायचा. आणि पाच वर्षं संपली की? अधिकारी मळ्यावर यायचा, मुदत संपलेल्यांना ओळीत उभं करायचे, आणि आणखी पाच वर्षांचा करार झाल्याची नोंद व्हायची. १९०३ च्या कायद्याने पुरुषाचा किमान पगार महिन्याला २,५०० रेइस ठरला, बाईचा १,८००. त्यातले दोन पंचमांश कापून परतीच्या फंडात टाकायचे. फंड होता, कपात होत होती, हिशोब होते. परत जाणारं मात्र कोणी नव्हतं. १९०८ पर्यंत अंगोलाला परत गेलेला सर्व्हिसाल जवळजवळ सापडतच नाही. हातात पडलेला पगार मळ्याच्याच दुकानात खर्च व्हायचा. मळ्यावर मूल जन्मलं तर तेही मळ्याचंच.

आपल्याला पाच वर्षांचा करार नवा नाही. रत्नागिरी, सावंतवाडीकडचे आपले लोक मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले तेही असल्याच कागदावर, 'गिरमिट' म्हणतो आपण त्याला. तिथेही फसवणूक होती, चाबूक होता. पण मॉरिशसला गेलेल्या सुमारे साडेचार लाख हिंदी मजुरांपैकी अंदाजे एक तृतीयांश तरी परत आले. साओ तोमेचा रस्ता एकाच दिशेचा होता.

मळ्याला तिथे 'रोसा' म्हणतात. नुसतं शेत नव्हे, ते एक गावच. मधोमध मोठं अंगण, एका बाजूला मालकाचं किंवा व्यवस्थापकाचं मोठं घर, दुसरीकडे वाळवणाच्या शेड, गोदामं, सुतारशाळा, लोहारशाळा. मजुरांच्या खोल्यांच्या लांबच लांब चाळी, त्यांना 'सांझाला' म्हणत. मोठ्या रोसांची स्वतःची अरुंद रुळांची रेल्वे होती, मळ्यातून थेट धक्क्यापर्यंत. पहाटे अंधारात घंटा व्हायची. सगळ्यांनी अंगणात रांगेत उभं राहायचं, हजेरी व्हायची, टोळ्या वाटल्या जायच्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, दुपारी जेवायला सुट्टी. संध्याकाळी परत हजेरी, पण बायकांची त्याआधी खेचरांसाठी गवताचे भारे आणायची एक पाळी असायची. मग शिधा: सुकी मासळी, घेवडा, पीठ, केळी. रविवारीही सकाळची हजेरी चुकत नसे. पळून जाणारे डोंगरातल्या दाट जंगलात लपत आणि त्यांना हुडकायला माणसं पाठवली जात. पण पळून जाणार कुठे? चारी बाजूंनी समुद्र.

मृत्यूचं प्रमाण भयंकर होतं. प्रिन्सिपेवर वर्षाला शंभरातले वीस मरत असं नेव्हिन्सनने लिहिलं. साओ तोमेतल्या एका आदर्श म्हणवल्या जाणाऱ्या मळ्यावर त्याने तिथल्याच डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, वर्षाला १२ ते १४ टक्के. कारण? रक्तक्षय. आणि रक्तक्षय कशामुळे? डॉक्टरने सरळ सांगितलं की दुःखामुळे.

प्रिन्सिपेवर तर निद्रारोगाची साथ होती, त्सेत्से माशी चावून होणारी. माश्या पकडण्यासाठी काही मजुरांच्या पाठीवर काळं कापड बांधत आणि त्याला चिकट डिंक फासत. माशी काळ्या रंगाकडे येते, बसते, चिकटते. माणूस काम करतोय आणि त्याचवेळी तो चालता-बोलता चिकटसापळाही आहे. पुढे १९११ ते १९१४ मध्ये मोठी मोहीम काढून, डुकरं आणि भटकी कुत्री मारून, झुडपं साफ करून त्या बेटावरून रोग हटवला. वैद्यकाच्या इतिहासात तो मोठा विजय मानतात, आणि तो आहेच. पण मला त्या पाठी विसरता येत नाहीत.

आता आमच्या बोर्नव्हिलकडे येऊ. कॅडबरी कुटुंब क्वेकर पंथाचं. युद्धाला विरोध, दारूला विरोध, गुलामगिरीला तर पिढ्यान् पिढ्या विरोध. १८७९ मध्ये त्यांनी कारखाना शहराबाहेर मोकळ्या हवेत आणला आणि १८९५ पासून तिथे बागांसकट टुमदार घरं बांधायला घेतली. आजही त्या रस्त्यांवर संध्याकाळी फिरायला मजा येते. इंग्लंडमधले सगळ्यात चांगले मालक म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती.

१९०१ मध्ये विल्यम कॅडबरी यांच्या हातात साओ तोमेतल्या एका विकाऊ मळ्याची जाहिरात आली. मालमत्तेच्या यादीत जमीन, इमारती, जनावरं, आणि त्याच ओळीत दोनशे काळे मजूर. करारावर असलेला माणूस विक्रीच्या यादीत कसा येतो? विल्यमना हे तेव्हाच खटकलं. त्यावेळी कंपनीच्या कोकोतला फार मोठा भाग याच बेटांवरून यायचा. ते १९०३ मध्ये लिस्बनला गेले, मळेवाल्यांना भेटले. मळेवाले म्हणाले, स्वतः येऊन बघा. मग १९०५ मध्ये कॅडबरी, फ्राय, राउंट्री आणि जर्मनीतली स्टोलवेर्क अशा कंपन्यांनी मिळून जोसेफ बर्ट नावाच्या माणसाला पाठवलं. त्याला आधी पोर्तुगीज शिकायला लावलं.

या बर्टची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. तो बेटांवर सहा महिने राहिला आणि सुरुवातीला त्याचं मत बरंचसं चांगलं झालं! स्वच्छ मळे, हॉस्पिटलं, नीट बांधलेल्या चाळी, आदरातिथ्य करणारे मालक. मग तो अंगोलात गेला, ती वाट त्याने पाहिली, बेड्या पाहिल्या, आणि त्याचं मत पार बदललं. १९०७ मध्ये परत येऊन त्याने अहवाल दिला: माणसं इच्छेविरुद्ध आणली जातात, आणि परत जात नाहीत. मला वाटतं, नुसतं बेट पाहून मीही फसलो असतो. मळा पाहून करार कळत नाही. त्यासाठी माणूस जिथून उचलला तिथे जावं लागतं.

तरीही खरेदी चालूच राहिली. ब्रिटिश परराष्ट्र खातं म्हणत होतं, थोडं थांबा, पोर्तुगालला दुखवू नका. त्यालाही कारण होतं: ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकचे मजूर हवे होते. विल्यम कॅडबरींचं म्हणणं, आपण गिऱ्हाईक आहोत तोवर आपला शब्द चालेल, खरेदी थांबवली तर तोही जाईल. १९०८ मध्ये ते स्वतः बर्टला घेऊन पुन्हा साओ तोमे आणि अंगोलाला गेले. शेवटी मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री यांनी तिथला कोको घेणं बंद केलं.

'स्टँडर्ड'चा लेख आला होता त्याच्या आधी, २६ सप्टेंबर १९०८ ला. त्यात कॅडबरींना सरळ ढोंगी ठरवलं होतं. यात राजकारण भरपूर होतं. कॅडबरींचं स्वतःचं 'डेली न्यूज' हे लिबरल वर्तमानपत्र होतं, आणि त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांवरून टोरी पक्षाला झोडपून काढलं होतं. आता टोरी वर्तमानपत्राने हिशोब चुकता केला. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यांचे वकील रुफस आयझॅक्स, म्हणजे पुढे १९२१ मध्ये हिंदुस्थानात व्हाईसरॉय होऊन आलेले लॉर्ड रीडिंग, ज्यांच्या कारकिर्दीत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. समोर एडवर्ड कार्सन, ऑस्कर वाइल्डला उलटतपासणीत लोळवणारा. त्याने विल्यम कॅडबरींना उभं केलं आणि शांतपणे आकडे काढले. १९०१ ते १९०८ मध्ये या बेटांवरून घेतलेला कोको: सुमारे १३ लाख पौंडांचा. तिथे गुलामगिरी आहे हे तुम्हाला माहीत होतं? होतं. आणि शेवटी कार्सनने विचारलं की त्या आठ वर्षांत तुमचा कोको तयार करताना किती गुलाम मेले, याचा काही अंदाज तुम्ही केला आहे का. विल्यम म्हणाले, नाही.

ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला. नुकसानभरपाई एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी, त्या काळचं सगळ्यात छोटं नाणं.

विल्यम कॅडबरी वाईट माणूस होते असं मला वाटत नाही. त्यांनी चौकशी केली, पैसे खर्च केले, स्वतः ताप-मलेरियाच्या मुलखात गेले. त्या काळातल्या किती कंपन्यांनी एवढं केलं? पण आठ वर्षं. माझ्या प्रोजेक्टमध्ये एखादा गंभीर दोष कळूनही "स्टेकहोल्डर्सशी बोलणी चालू आहेत" म्हणून तो आठ वर्षं चालू ठेवला असता तर मी काय म्हटलं असतं? खरं सांगायचं तर आम्ही असे दोष ठेवतो. मात्र आमच्या दोषांनी माणसं मरत नाहीत, निदान असं आम्ही समजतो.

पोर्तुगीज मळेवाले अर्थातच खवळले. फ्रान्सिस्को मांतेरो नावाच्या मोठ्या मळेवाल्याने १९१० मध्ये सुंदर फोटो घालून पुस्तक काढलं, आमचे मजूर किती सुखी ते दाखवायला. इंग्रजांना स्वतःच्या वसाहतीचा कोको खपवायचा आहे, हा त्यांचा आरोप होता. तो अगदीच हवेतला नव्हता. खरेदी गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली आणि १९११ च्या सुमारास तो भाग कोकोत जगात पहिला झाला. फरक एवढाच की तिथे कोको लावणारे स्थानिक आफ्रिकी शेतकरी होते, स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने. बहिष्काराने साओ तोमेचा धंदा बुडाला नाही, माल दुसऱ्यांनी घेतला. पण बोभाटा इतका झाला की माणसं परत पाठवणं सुरू करावंच लागलं.

इथे एक गंमत सांगतो. प्रिन्सिपेवरच्या 'सुंदी' नावाच्या कोकोच्या रोसावर २९ मे १९१९ रोजी एडिंग्टन या शास्त्रज्ञाने खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो घेतले आणि आइनस्टाईनचा सिद्धांत जगभर गाजला. सकाळी पाऊस, मग ढग, जेमतेम काही प्लेट्सवर तारे आले. इंजिनियरिंग कॉलेजात ही गोष्ट आम्ही चवीने ऐकली होती. तो मळा होता, त्यावर घंटा वाजत होती आणि मजूर होते, हे कोणी सांगितलं नव्हतं. एडिंग्टनही क्वेकरच.

लिस्बनला एका कामासाठी माझी काही महिने ये-जा होती, तोडकीमोडकी पोर्तुगीज तिथेच आली. तिथे व्हॅल फ्लोर मार्किसचा राजवाडा आहे, आता त्यात पंचतारांकित हॉटेल चालतं. हा मार्किस गरीब घरचा, तरुणपणी साओ तोमेला गेला आणि कोकोवर गब्बर होऊन परतला. त्याच्या मळ्याचं नाव रिओ दो ओरु, सोन्याची नदी. तो मळा पाहायचाच असं ठरवून लिस्बनहूनच विमान पकडलं.

आज त्याचं नाव आगोस्तिन्यो नेतो, अंगोलाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं. साओ तोमे १२ जुलै १९७५ ला स्वतंत्र झालं, आपला गोवा पोर्तुगीजांपासून सुटल्यावर तेरा-साडेतेरा वर्षांनी. त्याआधी ३ फेब्रुवारी १९५३ ला, सरकार आता आपल्यालाही मळ्यावर जुंपणार या भीतीने तिथले लोक बिथरले, तेव्हा गव्हर्नर गोर्गुल्योच्या राजवटीने शेकडो माणसं मारली. तो दिवस तिथे हुतात्मा दिन म्हणून पाळतात. स्वातंत्र्यानंतर मळे सरकारी झाले, कोको घटत गेला, १९९० नंतर जमिनी वाटल्या.

फाटकातून शिरलं की समोर रुंद फरसबंदी रस्ता चढत जातो आणि वर टोकाला, देवळासारखं, हॉस्पिटल. राजवाडा वाटावा असं. दोन्ही बाजूंना मजुरांच्या चाळी. हॉस्पिटलची पडझड झाली आहे. चाळींत मात्र माणसं राहतात: दोऱ्यांवर कपडे, दारात कोंबड्या, शाळेच्या गणवेशातली पोरं. मला एकदम बोर्नव्हिलची ओळीतली घरं आठवली. दोन्हीकडे मालकाने आखलेलं गाव, दोन्हीकडे दवाखाना. बोर्नव्हिलचा कामगार मात्र भोंगा झाल्यावर नोकरी सोडून जाऊ शकत होता.

माझा ड्रायव्हर तिशीतलाच. त्याने रस्त्याकडेचं एक पिवळं फळ फोडून गर चाखायला दिला, आंबटगोड, चॉकलेटशी काहीही संबंध नसलेली चव. बी चावू नका म्हणाला, कडू असते. त्याची पणजी केप व्हर्देची. १९४० च्या दशकात तिकडे मोठे दुष्काळ पडले तेव्हा करारावर इथे आली. अशा लोकांना इथे 'कोन्त्रातादो' म्हणतात, करारावरचा माणूस. बाई असली तर कोन्त्रातादा. परत जायचं जायचं म्हणत ती इथेच गेली. तिची मुलं, नातवंडं, पणतवंडं या चाळीतच वाढली.

मग त्याने मला विचारलं, तुम्ही इंग्लंडचे? म्हटलं नाही, भारतातला, तिथे कामाला असतो. पक्की नोकरी? नाही, करारावर, दर सहा महिन्यांनी वाढवतात. तो स्टिअरिंगवर हात आपटून हसला. "कोन्त्रातादो!" मीही हसलो. तशी तुलना होऊ शकत नाही हे मला सांगायचं होतं, मला नको म्हणता येतं, विमानाचं तिकीट माझ्या खिशात आहे, पण तेवढी पोर्तुगीज मला येत नव्हती.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग घरी परत कधी जाणार?"

म्हटलं, अजून ठरलेलं नाही.